दुकानात जुळलेला रंग हॉलमध्ये का फसला: सीताबर्डीतल्या एका मॅचिंग सेंटरच्या उजेडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत हे मॅचिंग सेंटर आहे. साडीला ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल जुळवून देणं एवढाच धंदा. दुकान दहा फूट रुंद, अठ्ठावीस फूट खोल, आणि बाहेरचा उजेड येतो तो फक्त दारातून. दोन्ही भिंतींना टू बाय टू रुबियाचे ताके रंगाप्रमाणे रचलेले, मध्ये बारा फुटांचा काउंटर. हवा तो रंग ताक्यांत नसेल तर पांढरं कापड आणि साडीचा नमुना महाल भागातल्या रंगाऱ्याकडे जातो आणि दोन दिवसांत कापड रंगून येतं.

छताला अनेक वर्षं साध्या फ्लुरोसंट ट्यूब होत्या. दिवाळीआधी दुकानाचं काम काढलं. पीओपीच्या छतात दोन बाय दोन फुटांचे सहा एलईडी पॅनल बसले, खोक्यावर ६,५०० केल्विन. नुसता पांढरा लाइट दवाखान्यासारखा वाटतो म्हणून काउंटरच्या वर ३,००० केल्विनचे पाच डाउनलाइट आले. रॅकमध्ये ४,००० केल्विनची पट्टी. वस्तू म्हणून यातलं काहीच चुकीचं नव्हतं. तिन्ही उजेड एकाच कापडावर एकत्र पडले की काय होईल, हे मात्र कोणी विचारलं नाही.

केल्विनची बाब थोडक्यात. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड तापू लागलं की आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं आणि शेवटी पांढरं दिसतं. केल्विनचा आकडा याच क्रमाने चढतो. म्हणून ज्याला आपण ‘उबदार’ म्हणतो त्या पिवळ्या लाइटचा आकडा लहान (२,७०० ते ३,०००) आणि ‘थंड’ निळसर पांढऱ्याचा मोठा (६,५००). एलईडी काही तापून उजेड देत नाही. तापलेल्या वस्तूच्या कोणत्या रंगाशी तिचा रंग सर्वांत जवळ जातो, तेवढंच हा आकडा सांगतो.

अडचण

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईत वाढल्या. सूर एकच: “काका, दुकानात तर एकदम मॅच होता, हॉलमध्ये ब्लाउज वेगळाच दिसत होता न.” कापलेलं कापड परत घेत नाहीत, पण नेहमीचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मालक नवीन पीस देत होते.

पहिला संशय काउंटरवरच्या ज्येष्ठ विक्रेत्याच्या नजरेवर गेला. वीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला गल्ल्यावर बसवलं आणि एका तरुण मुलाला मॅचिंगला उभं केलं. तक्रारी तशाच राहिल्या. हा निर्णय घाईचा होता, आणि त्या माणसाचं मन दुखावलं ते वेगळं.

खरा धागा तक्रारींच्या रंगांत होता. लिंबोळी, बदामी, हळदी, मोतिया यांची तक्रार जवळजवळ नाही. परत येत होते ते वांगी, जांभळा, चिंतामणी, राणी, डाळिंबी आणि मरून. नजर कमजोर असती तर चुका सगळ्या रंगांत थोड्याथोड्या विखुरल्या असत्या. त्या लाल-जांभळ्या पट्ट्यातच साचल्या, म्हणजे दोष उजेडात शोधायला हवा होता.

यामागचं कारण असं. टसर किंवा रेशमी साडीचा रंग एका जातीच्या डायचा, सुती रुबियाचा दुसऱ्या जातीच्या. डोळ्याला दोन्ही वांगी दिसले तरी कोणत्या लहरी परत फेकायच्या याचा दोघांचा हिशेब वेगळा. त्यामुळे एका उजेडात तंतोतंत जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटू शकते. जांभळ्या घराण्यात हे सर्वांत जास्त घडतं, कारण हे रंग निळ्या आणि लाल अशा दोन्ही टोकांवर उभे असतात. उजेडात लाल टोक कमी असलं की ते निळसर होतात, जास्त असलं की लालसर. पिवळ्या रंगांना हा धोका कमी.

आधी काय करून पाहिलं

घरातल्या एका मुलाने फोनवर ॲप घेऊन केल्विन मोजले. दोन फोननी एकाच जागी दोन आकडे दिले आणि फोन जरा फिरवला की तेही बदलले. फोनचा कॅमेरा पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग आपोआप सावरतो, त्याच्या भिंगावर सर्व बाजूंचा उजेड गोळा करणारं दुधी आवरण नसतं, आणि समोर लाल ताके असतील तर तो लाइट मोजत नाही, ताके मोजतो. त्या आकड्यांवर काहीच ठरवता आलं नसतं.

मग इलेक्ट्रिशियनने तीन गाळण्यांचा साधा कलर मीटर आणला. काउंटरच्या मधोमध ठेवल्यावर त्याने साधारण ४,३०० केल्विन दाखवलं. “न्यूट्रल लाइट आहे, याच्याहून चांगला काय पाहिजे?” असं म्हणून विषय मिटत आला होता. या प्रकरणातलं सर्वांत धोक्याचं वळण हेच. आकडा बरोबर होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक होता.

नीट मोजमाप

हातात धरायचा स्पेक्ट्रोमीटर दोन दिवसांसाठी भाड्याने घेतला. हा ३८० ते ७८० नॅनोमीटर या पट्ट्यातला उजेड लहरीनुसार वेगळा करून मोजतो. एलईडीत निळ्याचं टोक ४५० नॅनोमीटरच्या आसपास अरुंद आणि उंच असतं. तीन गाळण्यांचा मीटर तिथेच चुकू शकतो.

पद्धत अशी ठेवली. रात्री दुकान बंद झाल्यावर शटर ओढून, बाहेरच्या पाटीचा लाइट घालवून काम सुरू केलं. लाइट लावून अर्धा तास थांबले, कारण एलईडी आणि तिचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा भाग) तापून स्थिर होईपर्यंत रंग आणि उजेड दोन्ही सरकतात. मीटरचं तोंड झाकून शून्य करून घेतलं. मोजणाऱ्याने काळा शर्ट घातला. पिवळा किंवा भगवा शर्ट दोन फुटांवरून आकडा हलवतो. सेन्सर आडवा, तोंड वर, ज्या उंचीवर कापड पसरतात तिथे. काउंटरवर दर दोन फुटांवर खूण, प्रत्येक खुणेवर तीन वाचनं, मधलं धरायचं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकाच जातीचे लाइट चालू ठेवायचे: आधी फक्त पॅनल, मग फक्त डाउनलाइट, मग फक्त पट्टी, शेवटी सगळे.

नुसते पॅनल: एक्स ०.३१०, वाय ०.३३५ (उजेडाचा रंग नेमका कोणता हे सांगणारी आकड्यांची जोडी). या दोन आकड्यांवरून केल्विन हातानेही काढता येतात. मॅककॅमी यांचं १९९२ चं सूत्र त्यासाठी पुरतं: आधी न = (एक्स − ०.३३२०) ÷ (०.१८५८ − वाय), मग केल्विन = ४४९न³ + ३५२५न² + ६८२३.३न + ५५२०.३३. इथे न येतो ०.१४७ आणि उत्तर साधारण ६,६००. खोक्यावरच्या ६,५०० ला धरूनच.

पण केल्विन फक्त पिवळ्याकडे की निळ्याकडे हे सांगतो. हिरव्याकडे की गुलाबीकडे, हे सांगायला दुसरा आकडा लागतो, त्याला डीयूव्ही म्हणतात. तो अधिक असेल तर उजेड हिरवट, उणे असेल तर गुलाबी. पॅनलचा डीयूव्ही अधिक ०.००७६ आला. एलईडीच्या प्रचलित अमेरिकी मानकात ६,५०० केल्विनच्या दिव्याला साधारण ०.००९ पर्यंत मुभा आहे, म्हणजे माल नियमात बसत होता. तरी पांढऱ्या रुबियावर हिरवट छटा उघड दिसत होती. पॅनलचा आरए ७२ आणि आर९ शून्याच्याही खाली. आरए म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी गुण, आठ फिक्या नमुन्यांची सरासरी. गडद लाल, म्हणजे आर९, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. मरून आणि डाळिंबीची वाट नेमकी इथे लागत होती, आणि खोक्यावर आर९ छापलेला नव्हता.

नुसते डाउनलाइट: सुमारे ३,००० केल्विन, डीयूव्ही जवळपास शून्य, आरए ८२, आर९ दहाच्या आत.

आता दोन्ही मिळून. काउंटरच्या मध्यावर दोघांचा उजेड सारखा पडत होता, ३००-३०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप), आणि तिथे ४,३१० केल्विन, डीयूव्ही उणे ०.००१. कागदावर देखणा आकडा. पण दुकानात ४,३०० केल्विनचा एकही दिवा काउंटरवर उजेड टाकत नव्हता. हिरवट पॅनल आणि पिवळा डाउनलाइट यांची बेरीज योगायोगाने मधल्या रेषेवर येऊन बसली होती. साधा मीटर फसला तो इथेच. डाउनलाइटच्या बरोबर खाली, जिथे पिवळा उजेड तिप्पट होता, तिथे ३,५७० केल्विन; पुढच्या खुणेवर, दोन डाउनलाइटांच्या मधल्या फटीत, ५,८८० केल्विन. म्हणजे विक्रेता साडी एका हाताला आणि ताका दुसऱ्या हाताला धरत होता तेव्हा दोन कापडांवर दोन वेगळे उजेड पडत होते. मग जुळवणी कसली? त्या ज्येष्ठ विक्रेत्याची नजर चांगली होती. उजेडच त्याला खोटं दाखवत होता.

दारातल्या उजेडाची गोष्ट

“ताई, दारात उजेडात बघा” हे मॅचिंगच्या धंद्यातलं सर्वांत जुनं वाक्य, आणि ते योग्यही आहे. म्हणून तुलनेसाठी सकाळी अकराला उंबऱ्याबाहेर वाचन घेतलं: ६,१०० केल्विन, डीयूव्ही अधिक ०.०१२. दिवसाचा उजेड इतका हिरवा? आधी मीटरवर शंका घेतली, शून्य करून पुन्हा मोजलं, तेच. वर पाहिल्यावर उलगडा झाला. नागपुरात एप्रिल आला की दुकानदार दारापुढे हिरवी शेडनेट बांधतात. इथेही बांधली होती. गिऱ्हाईक ज्याला दिवसाचा उजेड समजत होतं तो जाळीतून गाळून आलेला होता. जाळीच्या बाहेर, थेट ऊन नसलेल्या पण मोकळं आकाश दिसणाऱ्या जागी मोजल्यावर ६,८०० केल्विन आणि डीयूव्ही अधिक ०.००३ मिळालं. तक्रारी लग्नसराईत का वाढल्या, याचं निम्मं उत्तर त्या जाळीत होतं. आतला उजेड हिरवट आणि खात्रीसाठी दारात गेलं तर तोही हिरवट.

कोणते पर्याय तोलले

मालकांचं पहिलं मत: डाउनलाइट काढून टाका, सगळं पांढरं करा. त्याने उजेड एकसारखा झाला असता, पण आर९ शून्याखालीच राहिला असता. तक्रारी कमी झाल्या असत्या, मरूनच्या मात्र तशाच.

इंटिरियरवाल्याने केल्विन बदलता येणारे लाइट सुचवले. इथे ते नको झाले, कारण घाईत कोणीतरी बटण फिरवणार आणि कोणता उजेड चालू आहे हे दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार नाही. जिथे रंग ठरवायचा तिथे उजेड हलता कामा नये.

सगळे लाइट बदलून उच्च आरएचे बसवणं हा सर्वांत शुद्ध पर्याय, पण छताचं काम नुकतंच झालेलं, आणि उच्च आरएच्या दिव्यात तेवढ्याच विजेत उजेड कमी पडतो, म्हणजे दिवे वाढवावे लागले असते.

शेवटी ठरलं ते हे: दुकान राहू द्यायचं तसंच, पण जुळवणीसाठी एक वेगळं टेबल करायचं आणि रंगाचा निर्णय फक्त तिथेच घ्यायचा.

टेबलाला किती केल्विन, यावर बराच खल झाला. कापड उद्योगात रंग तपासायला साधारण ६,५०० चा दिवसाचा उजेड धरतात, छपाईत ५,०००. दुकानाने ५,००० निवडले. ६,५०० मध्ये ९५ च्या आसपास आरएचा माल स्थानिक बाजारात सहज मिळत नव्हता, आणि ब्लाउज दिवसाही घातला जातो आणि रात्री हॉलच्या पिवळ्या उजेडातही, त्यामुळे मधला आकडा बरा. हा निर्णय व्यवहाराचा आहे. ६,५०० चा चांगला माल मिळाला असता तर तोही चालला असता. आरए आणि आर९ यांत तडजोड मात्र चालली नसती.

काय केलं

दुकानाच्या मागच्या भागात, पॅनलच्या थेट खाली नसलेल्या जागी चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल ठेवलं. त्याच्यावर चार फूट उंचीवर २० वॉटचे दोन एलईडी बॅटन (ट्यूबसारखे लांब दिवे): ५,००० केल्विन, आरए ९५ च्या वर, आर९ ८० च्या वर, हे तिन्ही आकडे बिलावर लिहून घेतलेले. टेबलाचा सनमायका फिकट राखाडी, चकाकी नसलेला. आधी लाकडी रंगाचा लावायचा होता. पण त्याचा तांबूस परावर्तित उजेड कापडावर येतो. टेबलाच्या तिन्ही बाजूंना दीड फुटाचा राखाडी आडोसा केला, नाहीतर शेजारच्या लाल ताक्यांची झाक पांढऱ्यावर पडते.

दोन्ही बॅटन लागल्यावर पुन्हा मोजलं. एक ४,९५० केल्विन, दुसरा ५,२३०. दोघेही नियमात, तरी शेजारी शेजारी फरक दिसत होता. खोक्यावरचे लॉट नंबर वेगळे निघाले. दुसरा बदलून पहिल्याच्याच लॉटचा घेतला. (असा फरक पिवळ्या लाइटांत आणखी बोचतो: ३,००० च्या आसपास तेवढाच २८० केल्विनचा फरक डोळ्याला जवळपास तिप्पट जाणवतो.) अंतिम वाचन: ९५० लक्स, ४,९५० केल्विन, डीयूव्ही शून्याच्या आसपास, आर९ ८६.

मग मुद्दाम जवळचा एक डाउनलाइट टेबलाकडे वळवून पाहिला. ३५० लक्स पिवळा उजेड मिसळताच आकडा ४,३०० च्या खाली आला. म्हणून टेबलावर उजेड टाकणारे दोन डाउनलाइट कायमचे बंद केले, त्यांचं बटणही काढून टाकलं.

आडोशाच्या आत ३,००० केल्विनचा एक वेगळा दिवा, दाबलं तरच लागणाऱ्या बटणावर. पद्धत अशी: जोडी आधी बॅटनखाली जुळवायची, मग बॅटन घालवून बटण दाबायचं. दोन्ही उजेडांत जुळली तर कापायची. एकातच जुळली तर गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवून विचारायचं, “काकू, कार्यक्रम दिवसाचा आहे की रात्रीचा?” आणि त्याप्रमाणे ताका निवडायचा.

सगळ्यात शेवटी सुचलं ते रंगाऱ्याचं. तो पत्र्याच्या शेडमध्ये एका पिवळ्या बल्बखाली नमुना पसंत करत होता. दुकानाने त्याच लॉटचा तिसरा बॅटन त्याच्याकडे लावला. हे झालं नसतं तर रंगवून आलेल्या कापडांची तक्रार थांबली नसती.

काय झालं

पुढच्या लग्नसराईत मरून, राणी, डाळिंबी यांचे परत येणारे पीस तुरळक झाले. आधीच्या काळात कोणी वही ठेवली नव्हती, म्हणून किती टक्के घट झाली हे सांगता येत नाही; आता तक्रारीचा रंग, साडीचं सूत आणि तारीख लिहितात. जांभळ्या घराण्यात अडचण पूर्ण गेली नाही, पण आता ती कापण्याआधी कळते. ज्येष्ठ विक्रेते पुन्हा मॅचिंगला उभे राहिले. टेबलाची शिस्त तेच सांभाळतात. शेडनेट पांढऱ्या कापडाची लावली.

वेगळं काय करता आलं असतं

नवे लाइट घेतानाच प्रत्येक जातीचा एकेक दिवा आणून, वांगी आणि मरूनच्या दहा जोड्या त्याखाली पाहिल्या असत्या तर एका संध्याकाळी सगळं उघड झालं असतं. जुन्या ट्यूब काढण्याआधी त्यांचंही वाचन घ्यायला हवं होतं. पूर्वी जे जमत होतं ते कोणत्या उजेडात, हे आता कोणालाच कळणार नाही. मीटरही आधी एकेका जातीखाली आणि मगच सगळ्यांखाली धरायला हवा होता. आणि माणसाला हलवण्याआधी लाइट तपासायला हवा होता.

एक गोष्ट या टेबलाने सुटत नाही. पांढऱ्या आणि मोतिया कापडात चमक आणणारी रसायनं घातलेली असतात. ती अतिनील किरणांनी उजळतात आणि या बॅटनच्या उजेडात ते किरण जवळजवळ नसतात. टेबलावर सारखी दिसणारी दोन पांढरी कापडं बाहेर एक निळसर पांढरं आणि एक पिवळट निघू शकतात. म्हणून पांढऱ्याची जोडी अजूनही दाराबाहेर नेतात, जाळीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, जिथे डोक्यावर नुसतं आकाश आहे.